पटावरचें वॉटर्लू



बुद्धिबळाचा पट आपल्या घरोघरीं परिचयाचा आहे. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे, प्यादीं असा सारा लवाजमा चौसष्ट घरांत उभा असतो, आणि हा लढाईचा खेळ आहे असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु त्यांत एक गोष्ट अशी आहे कीं, जी कोणत्याहि खऱ्या रणांगणावर आढळत नाहीं. तेथें दोन्ही खेळाडूंना सारा पट दिसतो. प्रतिपक्षाचा घोडा कोठें आहे हें पाहण्यासाठीं जासूद धाडावा लागत नाहीं. आपलें प्यादें सांगितलेल्या घरांतच जातें, वाटेंत चिखल लागत नाहीं, आणि हत्तीला पाठविलेली चिठ्ठी गहाळ होत नाहीं. आज मी ज्या खेळांविषयीं बोलणार आहें, ते या उणिवेंतून निघाले, आणि दोनशें वर्षें झालीं तरी ती भरून काढण्याची त्यांची धडपड चालूच आहे. नेपोलियनच्या लढाया कागदाच्या पटावर पुन्हां लढण्याचे हे खेळ होत.

पस्तीस वर्षें मी शाळेंत इतिहास शिकविला. वॉटर्लू येथें नेपोलियन हरला, कारण ग्रुशी वेळेवर आला नाहीं, हें वाक्य किती उत्तरपत्रिकांत वाचलें याची गणती नाहीं. वाक्य खोटें नाहीं. पण तें लिहिणाऱ्या मुलाला ग्रुशी हा एक आळशी किंवा मूर्ख मनुष्य वाटतो, आणि त्या जागीं आपण असतों तर खचित वेळेवर पोंचलों असतों, अशी त्याची खात्री असते. या खात्रीची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न पुस्तकांतून सुटत नाहीं. तो पटावर थोडाफार सुटूं शकतो.

आधीं थोडा पूर्वेतिहास. इ. स. १७८० मध्यें जर्मनींतील ब्रुन्सविक येथें हेल्विग नांवाच्या गृहस्थानें बुद्धिबळाचा पट पुष्कळ मोठा करून त्यावर डोंगर, नद्या, दलदल आणि तोफा आणल्या. तो गणित शिकवीत असे, म्हणजे आमच्याच धंद्यांतला. तरीहि त्याचा पट हा चौकोनी घरांचा पटच राहिला. खरा पालट झाला तो प्रशियांत, आणि तोहि पराभवानंतर. १४ ऑक्टोबर १८०६ या एका दिवशीं येना आणि औअरश्टेट येथें नेपोलियनच्या सैन्यानें प्रशियाचा धुव्वा उडविला. ज्या फौजेला सारें युरोप वचकून होतें तिचा असा निकाल लागल्यावर तेथील विचारी माणसें आपलें कोठें चुकलें याचा शोध घेऊं लागलीं. त्या काळांत ब्रेस्लौ येथील फॉन राइस्व्हिट्झ या अधिकाऱ्यानें एक मोठें मेज तयार करवून १८१२ सालीं तें राजा फ्रीड्रिख विल्हेल्म याला नजर केलें. त्या मेजावर टेकड्या, ओढे, रस्ते व गांवें यांचे सुटे तुकडे हवे तसे मांडून पाहिजे तो प्रदेश उभा करतां येई.

राजवाड्यांतील मेज पलटणींत कसें न्यावें? तें काम त्याच्या मुलानें केलें. हा मुलगा तोफखान्यांत लेफ्टनंट होता. त्यानें मेज टाकून दिलें आणि एकास आठ हजार या प्रमाणाचा खराखुरा लष्करी नकाशा घेतला. त्यावर तांबड्या व निळ्या रंगाचे शिशाचे लहान ठोकळे मांडले. एक खेळी म्हणजे दोन मिनिटें असें ठरविलें, आणि इतक्या अंतरावरून इतक्या तोफा डागल्या तर किती माणसें पडतात, याचे तक्ते बनवून त्यांना फांशाची जोड दिली. १८२४ सालीं हे नियम छापून निघाले. पण या साऱ्यांत मोलाची गोष्ट फांसा नव्हे, तक्ताहि नव्हे. ती म्हणजे पंच. खेळणारांनीं आपले हुकूम पंचाला द्यावयाचे, आणि प्रत्येक पक्षाला त्याच्या जागेवरून जेवढें दिसलें असतें तेवढेंच पंचानें नकाशावर दाखवावयाचें. टेकडीपलीकडे शत्रूची दहा हजार फौज असली, तरी ती टेकडीवर कोणी चढेपर्यंत पटावर येत नाहीं.

त्या वेळीं प्रशियाच्या सेनाकचेरीचा प्रमुख जनरल म्यूफ्लिंग होता. राजपुत्र विल्हेल्म याच्या शिफारशीवरून त्यानें हा खेळ पाहिला. सुरुवातीला त्याला त्यांत विशेष गोडी दिसली नाहीं. पण डाव पुढें सरकला तसतसा तो रंगून गेला, आणि हा खेळ नसून युद्धाचें शिक्षणच आहे असा अभिप्राय देऊन त्यानें सैन्याच्या साप्ताहिकांतून त्याचा पुरस्कार केला. म्यूफ्लिंगला हें इतकें कां पटलें, याचें कारण मला त्याच्या पूर्वचरित्रांत दिसतें. हाच म्यूफ्लिंग १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लूच्या मैदानावर वेलिंग्टनच्या छावणींत प्रशियाचा वकील म्हणून हजर होता. संध्याकाळीं झीटेन या प्रशियन सेनापतीचें दळ वेलिंग्टनच्या डाव्या बगलेला येऊन मिळण्याच्या बेतांत होतें. पुढें टेहळणीस गेलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानें जखमी लोकांची रीघ मागें जातांना पाहिली, इंग्रज पळत सुटले असा तिचा अर्थ केला, आणि तशी वर्दी नेली. इकडे ब्ल्यूखरचा हुकूमहि दुसरीकडे बोलावीत होता. झीटेननें दळाचें तोंड फिरविलें. म्यूफ्लिंगनें तें पाहिलें, घोडा भरधांव सोडला, आणि हाता-पायां पडून म्हणा कीं रागावून म्हणा, तें दळ परत आणलें. एका पोरसवद्या माणसाच्या डोळ्यांना दिसलेल्या चुकीच्या दृश्यानें हजारों माणसें वाट सोडून कशीं जातात, हें ज्यानें स्वतः पाहिलें, त्याला राइस्व्हिट्झच्या पंचाची किंमत ताबडतोब कळली असावी. हा अर्थात् माझा तर्क आहे. बिचाऱ्या राइस्व्हिट्झला मात्र या यशाचें सुख फार दिवस लाभलें नाहीं. १८२७ सालीं त्यानें आपल्या हातानें आपलें जीवन संपविलें.

पुढें हा खेळ लष्करी शाळांत राहिला. सामान्य गृहस्थाच्या घरीं तो आला तो अमेरिकेच्या वाटेनें, आणि येतांना पंचाला मागें ठेवून आला. बाल्टिमोर शहरीं चार्लस रॉबर्ट्स यानें काढलेल्या ॲव्हलॉन हिल कंपनीनें १९६२ सालीं ‘वॉटर्लू’ नांवाचा खेळ विकावयास काढला. एक पुठ्ठ्याची पेटी, तींत घडीचा नकाशा, कांहीं पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, एक फांसा आणि नियमांची पुस्तिका, एवढाच त्याचा सरंजाम. दोन माणसें आणि एक रिकामी दुपार असली कीं डाव मांडतां येतो. पंच मिळविणें ही कोणत्याहि घरांत कठीण गोष्ट असते, तेव्हां हा फरक व्यवहाराला धरून होता हें मान्य केलें पाहिजे.

या खेळांची घडण समजून घेण्यासारखी आहे. नकाशावर मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी घरें आंखलेलीं असतात. चौकोनी घरांत तिरप्या चालीला अंतर फुकट मिळतें. षट्कोनांत सहाहि शेजारी सारख्याच अंतरावर असतात, म्हणून मोजणींत लबाडी होत नाहीं. प्रत्येक तुकड्यावर दोन आंकडे छापलेले असतात. एक त्या पथकाच्या बळाचा, दुसरा त्याच्या चालीचा. सडकेवरून चाल वाढते, रानांतून ती घटते. शत्रूच्या पथकाला लागून असलेल्या घरांवर त्याचा दाब असतो. तेथें शिरलें कीं थांबावें लागतें. हल्ल्याच्या वेळीं दोन्ही बाजूंचें बळ मोजून तिनास एक, दोनास एक असें प्रमाण काढावयाचें, फांसा टाकावयाचा, आणि तक्त्यांत पाहून कोण मागें हटला, कोण नाहींसा झाला तें ठरवावयाचें. हातघाईची सारी गर्दी एका फांशांत आटोपते.

१९७६ सालीं न्यूयॉर्कच्या एस.पी.आय. या संस्थेनें ‘नेपोलियन्स लास्ट बॅटल्स’ हा चार लढायांचा संच काढला. लिन्यी, कात्र ब्रा, वाव्हर आणि वॉटर्लू अशा चार ठिकाणांचे चार नकाशे त्यांत आहेत, आणि ते एकमेकांना जोडले कीं १६ जूनपासूनची सारी मोहीम एका मेजावर पसरते. एक पाळी म्हणजे एक तास. त्याच वर्षीं त्याच संस्थेनें ‘वेलिंग्टन्स व्हिक्टरी’ हा वॉटर्लूचा दुसरा अवाढव्य खेळ काढला. त्यांत पायदळानें रांगेंत उभें राहावें, स्तंभानें चालावें कीं चौकोनी व्यूह रचावा, हें प्रत्येक वेळीं खेळाडूनें ठरवावयाचें. घोडदळ आलें कीं चौकोन तारतो. पण तोच चौकोन तोफेच्या माऱ्याखालीं सांपडला तर त्यासारखें दाट लक्ष्य नाहीं. दुपारीं चारच्या सुमारास मार्शल नेनें घोडदळाच्या लाटांवर लाटा इंग्रजांच्या चौकोनांवर कां आदळल्या, आणि मागून पायदळ व तोफा न आल्यानें त्या कां फुकट गेल्या, हें ज्याला एरवीं चार पानें वाचून उमगत नाहीं, त्याला या पटावर अर्ध्या तासांत उमगतें. मला या खेळांचा हा गुण सर्वांत मोठा वाटतो.

आतां दोषाकडे वळूं. पंच गेला, त्याबरोबर अज्ञानहि गेलें. खेळाडू ढगांत बसलेल्या देवाप्रमाणें सारें रणांगण पाहतो. १६ जूनला देर्लों या फ्रेंच सेनापतीचें वीस हजारांचें दळ कात्र ब्रा आणि लिन्यी या दोन लढायांच्या मध्यें दिवसभर येरझारा घालीत राहिलें आणि एकाहि ठिकाणीं लढलें नाहीं. एका हुकुमानें त्याला इकडे ओढलें, नेच्या हुकुमानें तिकडे. मूळ हुकूम काय होता याविषयीं इतिहासकारांत अजून वाद आहे. तें दळ दोहोंपैकीं कोठेंहि वेळेवर पडतें, तर दोन दिवसांनंतरची लढाई झाली असती कीं नाहीं, याचाच संशय आहे. पण पटावर हें घडतच नाहीं! कोणता खेळाडू आपल्या हातानें वीस हजार माणसें दिवसभर वाटेवर हिंडवील?

ऑस्टरलिट्झची अडचण याहून मोठी आहे. २ डिसेंबर १८०५ रोजीं नेपोलियननें आपली उजवी बाजू मुद्दाम दुबळी दाखविली. त्या आमिषाला भुलून रशियन व ऑस्ट्रियन सेना प्रात्सनची टेकडी सोडून खालीं उतरल्या, आणि धुक्यांतून सूल्तच्या फौजा त्या टेकडीवर चढल्या. आज ज्यानें एक पुस्तक वाचलें आहे असा कोणताहि खेळाडू रशियाच्या बाजूनें बसला, तर तो टेकडी सोडील काय? फसवणूक एकदांच होते. नियमानेंच त्याला खालीं उतरविलें तर तो खेळाडू कसला, बाहुली झाला. आणि मोकळा सोडला तर ती ऑस्टरलिट्झची लढाई राहत नाहीं.

या कोड्यावर पुष्कळांनीं डोकें चालविलें आहे. १९७४ सालीं कॅनडांत निघालेल्या ‘नेपोलियन’ या खेळांत पुठ्ठ्याऐवजीं लांकडी ठोकळे आले. ठोकळा उभा ठेवावयाचा, छापलेली बाजू आपल्याकडे. समोरच्याला नुसती रंगीत पाठ दिसते. तेथें काय आहे, पलटण कीं तोफा कीं मरणाला टेंकलेलें घोडदळ, हें भिडल्याशिवाय कळत नाहीं. पथक झिजलें कीं ठोकळा एका कडेवर फिरवावयाचा. इतकी साधी युक्ति, पण तिनें हातांत घाम आणला. केव्हिन झुकर यानें १९७८ सालीं १८१४ च्या मोहिमेवर जो खेळ रचला, त्यांत सैन्याचें खरें बळ नकाशावर दिसतच नाहीं, तें बाजूच्या तक्त्यावर झांकून ठेवलेलें असतें. आणि नुसत्या चालण्यानेंहि फौज झिजते. २००७ सालीं बोवेन सिमन्स यानें ऑस्टरलिट्झवरील आपल्या ‘नेपोलियन्स ट्रायंफ’ या खेळांतून फांसाच काढून टाकला. सारी अनिश्चितता झांकलेल्या पाठींतून यावी असा त्याचा बेत. मला स्वतःला फांसा हवा वाटतो. एखाद्या बंदुकीची दारू भिजलेली असते, आणि तिचा हिशेब कोणाजवळहि नसतो.

अज्ञान हें सेनापतीच्या पाचवीलाच पुजलेलें असतें, याचें उदाहरण पाहावयास युरोपांत जाण्याचेंहि कारण नाहीं. वॉटर्लूचा वेलिंग्टन बारा वर्षांपूर्वीं आर्थर वेलस्ली या नांवानें आपल्या जालना जिल्ह्यांत होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनला आहे अशी बातमी त्याच्या हेरांनीं दिली होती. ती त्याला असईजवळ, अपेक्षेच्या आधीं आणि अपेक्षेहून कितीतरी मोठी, अचानक समोर दिसली. केळणा नदीला उतार नाहीं असें वाटाड्ये शपथेवर सांगत होते. त्यानें दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे व पलीकडे समोरासमोर दोन खेडीं दिसलीं, त्यांतलें एक पिंपळगांव. दोन खेडीं इतकीं जवळ वसलीं आहेत त्यापेक्षां मध्यें उतार असलाच पाहिजे, असें अनुमान त्यानें काढलें, आणि तें खरें ठरलें. पुढें त्याच लढाईंत त्याच्या उजव्या टोंकाचा अधिकारी ठरलेली दिशा सोडून थेट असई गांवावरच्या तोफांच्या तोंडीं गेला, त्याच्या मागोमाग एक गोरी पलटण गेली, आणि दोहोंची धूळधाण झाली. पटावर असईचा नकाशा मांडला तर उताराचें घर निळ्या शाईनें आधींच दाखविलेलें असेल, आणि तो अधिकारी सांगितल्या वाटेनें जाईल. मग राहिलें काय?

दुसरा एक विचार या खेळांच्या बाबतींत मनांतून जात नाहीं. वॉटर्लूच्या मैदानाच्या मधोमध ला ए सांत नांवाचें शेतघर आहे. मेजर बेअरिंग हा जर्मन पलटणीचे सुमारें चारशें लोक घेऊन दुपारभर तें लढवीत होता. काडतुसें संपत आलीं, म्हणून त्यानें वारंवार मागणी केली. काडतुसें आलीं नाहींत. संध्याकाळीं तें घर पडलें, तेव्हां त्याच्याजवळ धड अशीं बेचाळीसच माणसें राहिलीं होतीं. पटावर तें एक घर आहे आणि त्यांत एक तुकडा. तो उचलून पेटीच्या झांकणांत टाकतांना आपण चहाचा घोट घेत असतों. एच. जी. वेल्स यानें शिशाच्या शिपायांच्या खेळावर १९१३ सालीं पुस्तक लिहिलें, त्याच्या अखेरीस खऱ्या युद्धाची किळस त्यानें मोकळेपणीं बोलून दाखविली. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. एवढ्यावरून हे खेळ वाईट असें मी म्हणत नाहीं. तुकडा उचलतांना त्याचें नांव वाचावें, इतकाच आग्रह मी आमच्या घरीं धरतों.

आमच्या घरीं म्हणजे माझा नातू आणि त्याचे तीन मित्र. त्यांचा पट दोन वर्षें पाहिल्यावर मीं त्यांना राइस्व्हिट्झचा जुना मार्ग सुचविला आणि पंचाचें काम पत्करलें. मुख्य नकाशा माझ्या खोलींत. फ्रेंच सेनापति बाहेरच्या खोलींत, त्याचा दुय्यम गच्चीवर. वेलिंग्टन स्वयंपाकघरांत, ब्ल्यूखर जिन्यांत. प्रत्येकाजवळ एक कोरा नकाशा. बोलावयाचें नाहीं, चिठ्ठी लिहून माझ्याकडे द्यावयाची, आणि घोडेस्वाराला जितका वेळ लागला असता तितका वेळ ती मीं अडवून ठेवावयाची. पहिल्याच रविवारीं बाहेरच्या खोलींतून गच्चीवर हुकूम गेला कीं, डावीकडच्या गांवावर जा. कोणाच्या डावीकडच्या, हें लिहावयाचें राहिलें. दोन तास ती फौज शेतांतून हिंडली. देर्लोंचें नांव तेव्हां त्या मुलांना ठाऊक नव्हतें. मागाहून सांगितलें, तेव्हां गच्चीवरचा सेनापति मोठ्यानें हंसला आणि बाहेरच्या खोलींतला हंसला नाहीं. साडेसातला आमच्या घरांतून स्वयंपाकघर मोकळें करून मागण्यांत आलें, त्या वेळीं प्रशियन सैन्य वाटेंतच होतें.

पुढच्या खेपेस गच्चीवरच्या मुलाला मीं ग्रुशी केला. १८ जूनच्या दुपारीं बाराच्या सुमारास ग्रुशी वालें गांवीं होता. तेत्तीस हजार फौज, आणि पश्चिमेकडे तोफांचा आवाज. जेरार या त्याच्या हाताखालच्या सेनापतीनें आवाजाच्या रोखानें चला असा आग्रह धरला. ग्रुशीनें ऐकलें नाहीं. त्या घटकेला ग्रुशीजवळ आदल्या दिवसाचा हुकूम होता, कीं प्रशियनांच्या पाठीवर राहा, ते इंग्रजांना मिळतात कीं दूर जातात याचा ठाव घे. बोलावणें धाडणारी दुपारची चिठ्ठी त्याच्या हातीं पडली तेव्हां संध्याकाळ होत आली होती. नांवें बदलून, आंकडे तेच ठेवून, तेवढेच कागद मीं त्या मुलापुढें ठेवले आणि टेबल वाजवून तोफांचा आवाज काढला. तो विचार करीत बसला, आणि वाव्हरकडे, म्हणजे ग्रुशी गेला तिकडेच, निघाला. नांवें उघड केलीं तेव्हां तो रागावला. कागदांत दुसरें कांहीं लिहिलेंच नव्हतें, असें त्याचें म्हणणें.

त्याच्या मित्रानें तोच प्रसंग मागून घेतला. त्याला गोम कळलेली होती, म्हणून तो ताबडतोब तोफांकडे वळला. पंच या नात्यानें वाटेचा हिशेब मला करावयाचा होता. आदल्या रात्रीच्या पावसानें शेतवाटा बुडालेल्या, मध्यें डील नदी भरलेली, तिच्यावर अरुंद पूल, आणि त्यांवरून तोफांसकट तेत्तीस हजार माणसें न्यावयाचीं. मीं त्याच्या पहिल्या पलटणी संध्याकाळीं आठनंतर मैदानाजवळ पोंचविल्या. तोंपर्यंत नेपोलियनची खाशी गारद मोडलेली होती. तो म्हणतो, आजोबा, तुम्हीं तीन तास जास्त लावले. नकाशा अजून माझ्या मेजावर पसरलेला आहे, त्यावर त्याची पट्टी आणि माझी दोरी दोन्ही पडलेलीं आहेत, आणि येत्या रविवारीं तो वाटेचा तो भाग पुन्हां मोजावयास येणार आहे.